हॉटस्टारची वंशावळ

१४ फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. शाळेतून आल्यावर नातीने टीव्ही लावला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आजी, हॉटस्टारचं लग्न झालं! नाव बदललंय!" पाहतो तर पडद्यावर 'जिओहॉटस्टार'. आता हे कोण, कुठले, कोणाचे कोण लागतात, असे प्रश्न सुरू झाले. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. भोसले घराण्याची वंशावळ फळ्यावर काढून सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या समजावता समजावता हातातला खडू संपायचा. म्हटले, हीही काढून देतो. अर्ध्या तासाचे काम म्हणून बसलो आणि चार दिवस गेले. मुले वंशावळीत नेहमी दत्तकांपाशी चुकतात, आणि इथे तर सगळा दत्तकांचाच कारभार!

सुरुवात १९९१ पासून करायची. हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या हचिसन समूहाने एशियासॅट-१ या उपग्रहावरून स्टार टीव्ही सुरू केला. आपल्याकडे तोवर दूरदर्शन म्हणजेच टीव्ही. त्याच वर्षी जानेवारीत आखाती युद्धाची थेट दृश्ये सीएनएनने दाखवली आणि डिश हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. आमच्या सोलापुरात आमच्या गल्लीपर्यंत हे लोण यायला १९९२ उजाडले. माझाच एक जुना विद्यार्थी, गणितात काठावर पण तारा-बल्बच्या कामात पहिला, त्याने उसनवारी करून गच्चीवर डिश बसवली आणि चिंचेच्या झाडावरून, विजेच्या खांबांवरून तारा ओढल्या. महिन्याला पन्नास रुपये. वही घेऊन स्वतः दारात यायचा. "सर, तुमच्याकडून कसे घेऊ?" म्हणायचा आणि घ्यायचा. इंग्रजी मालिकांतली श्रीमंत माणसे आमच्या बैठकीत भांडू लागली. सौ.ने एकदा तारच काढून ठेवली होती. असो.

सांगायचे हे, की तेव्हा वाहिनी एकाची, तार दुसऱ्याची आणि टीव्ही तिसऱ्याचा होता. सरकारला याची दखल घ्यायला १९९५ चा केबल कायदा करावा लागला.

१९९३ साली रूपर्ट मरडॉक यांनी स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा ५२.५ कोटी डॉलरना घेतला, आणि पुढे उरलेलाही. हा पहिला दत्तक. झी आणि स्टार काही वर्षे भागीदार होते, १९९९ ला वेगळे झाले. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आले आणि स्टार प्लस घराघरात गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. मराठी माणसाने लक्षात ठेवायची नोंद २००८ ची : स्टार प्रवाह.

दुसरी शाखा वेगळ्याच गावची. २००० साली हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाने ई टीव्ही मराठी काढली. २०१२ मध्ये रिलायन्सच्या पैशाच्या आधाराने नेटवर्क१८ ने ई टीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्यांत हिस्सा घेतला, २०१४ मध्ये नेटवर्क१८ च रिलायन्सच्या ताब्यात गेले आणि २०१५ मध्ये ई टीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. मालिका तीच, नट तेच, कोपऱ्यातले चिन्ह मात्र बदलले. जालावर तिच्या मालिका आधी वूटवर दिसत. २०२३ मध्ये वूट जिओसिनेमात विरघळले. म्हणजे आठ-दहा वर्षांत एका वाहिनीचा पत्ता किती वेळा बदलला पाहा.

हॉटस्टारचा जन्म फेब्रुवारी २०१५ चा, क्रिकेटच्या विश्वचषकाच्या तोंडावर. बाळसे धरले ते मात्र सप्टेंबर २०१६ नंतर, जिओने मोबाइलवरचे इंटरनेट पाण्यासारखे स्वस्त केल्यावर. गंमत बघा : ज्याच्या रस्त्यावर हॉटस्टारची गाडी धावली, तोच पुढे गाडीचा मालक होणार होता!

आता मधला मोठा दत्तक. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत डिस्नेने मरडॉक यांच्या फॉक्सचा मोठा भाग घ्यायचे ठरवले. तिथली सर्वांत मोठी केबल कंपनी कॉमकास्ट चढी बोली घेऊन मध्ये पडली. शेवटी ७१ अब्ज डॉलरच्या वर किंमत गेली आणि मार्च २०१९ मध्ये व्यवहार पुरा झाला. त्या गाठोड्यात स्टार इंडिया होती, स्टार प्रवाह होती, हॉटस्टार होते. मला मुंबईच आठवली. १६६१ च्या करारात पोर्तुगालने ती इंग्लंडच्या राजाला हुंड्यात दिली, आणि राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. बेटावरच्या कोळ्यांना कोणी विचारले नव्हते. एप्रिल २०२० मध्ये आपल्या पडद्यावर 'डिस्ने प्लस हॉटस्टार' ही पाटी लागली, तेव्हा टाळेबंदीत बसून आम्ही सगळे तीच पाहत होतो.

न्यू जर्सीतल्या भाचीला या प्रकाराचा निराळाच अनुभव. तिच्याकडे हॉटस्टार २०१७ मध्ये पोचले होते. डिस्नेच्या ताब्यात गेल्यावर, २०२१ पासून, त्यातल्या मालिका हुलूवर आणि क्रिकेट ईएसपीएन प्लसवर वळवले गेले. तिने विचारले, "मामा, हे हुलू काय आहे?" त्याचीही वंशावळ निघाली! २००७ मध्ये एनबीसी आणि मरडॉक यांच्या कंपन्यांनी ते मिळून काढले, २००९ मध्ये डिस्ने आत आली. पुढे कॉमकास्टने एनबीसी घेतली, तेव्हा केबल विकणाराच जालावरच्या टीव्हीचा भागीदार झाला. केबलचे गिऱ्हाईक टिकवायला तो हुलूचा गळा दाबेल ही शंका कोणालाही यावी. तिथल्या सरकारलाही आली. २०११ मध्ये परवानगी देताना अट घातली : हिस्सा ठेवा, पण हुलूच्या कारभारात बोलायचे नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. तार आणि तमाशा एकाच्या हाती आला की काय होईल, याचा विचार परवानगीच्या वेळीच केला पाहिजे, नंतर नव्हे.

परत घरी येऊ. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांचा लिलाव झाला. आधीची पाच वर्षे टीव्ही आणि जाल दोन्ही मिळून स्टारने १६,३४७.५ कोटी मोजले होते. आता एकूण आकडा ४८,३९० कोटींवर गेला, आणि देशातल्या हक्कांचे दोन तुकडे झाले. टीव्ही २३,५७५ कोटींना डिस्ने-स्टारकडे राहिला आणि जाल रिलायन्सच्या वायकॉम१८ कडे गेले, तेही जवळजवळ तेवढ्याच किमतीला. सूत्रे फिरली म्हणतात ती अशी.

मग रिलायन्सने काय करावे? २०२३ ची सगळी आयपीएल जिओसिनेमावर फुकट. कोणत्याही कंपनीचे सिमकार्ड असो. वर बारा भाषांत समालोचन, त्यात मराठी! केदार जाधव मराठीत समालोचन करत होता आणि स्पर्धा चालू असतानाच बंगळूरच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतले. असला योग नाटकात दाखवला असता तर लोक म्हणाले असते, काहीतरीच. अंतिम सामना एका वेळी तीन कोटींहून जास्त जणांनी पाहिला. हॉटस्टारची वर्गणीदारांची संख्या ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.१३ कोटी होती, ती वर्षभरात ३.७६ कोटींवर आली. मग हॉटस्टारनेही आशिया चषक आणि विश्वचषक मोबाइलवर फुकट केला. १९ नोव्हेंबर २०२३ चा तो अंतिम सामना, ज्याची आठवण नको वाटते, एका वेळी ५.९ कोटी लोक हॉटस्टारवर पाहत होते.

कॉलनीत सगळे खूश. भाजीवाली मोबाइल पाटीत उभा करून सामना बघायची. मीही खूशच होतो, खोटे कशाला बोलू? पण फौजा समोरासमोर उभ्या असतात तेव्हा दोघेही रयतेला सारा माफ करतात, हे मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले आणि स्वतःवर आले तेव्हा विसरलो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तह जाहीर झाला. ७०,३५२ कोटींचा एकत्रित संसार. रिलायन्सचा थेट हिस्सा १६.३४ टक्के, वायकॉम१८ चा ४६.८२, डिस्नेचा ३६.८४. स्पर्धा आयोगाने ऑगस्टमध्ये मंजुरी दिली. क्रिकेटच्या जाहिरातींचे दर अवाजवी वाढवणार नाही, असे वचन कंपन्यांनी दिले. जाहिरातदारांची काळजी घेतली हे बरेच झाले. नोव्हेंबरमध्ये विलीनीकरण पुरे, फेब्रुवारीत नवी पाटी, आणि २०२५ ची आयपीएल जिओहॉटस्टारवर थोडा वेळ फुकट पाहून झाली की पुढे वर्गणी. २०२५ मध्ये कमीत कमी योजना मोबाइलपुरती होती, तीन महिन्यांना १४९ रुपये. फार नाहीत, मान्य. एवढ्या कोटींना घेतलेली वस्तू कायम फुकट मिळणार नव्हती, हेही मान्य. पण आता १४९ चे उद्या किती करायचे हे ठरवताना शेजारच्या दुकानाकडे बघण्याची गरज उरली नाही, एवढे मात्र खरे.

सगळेच विवाह पार पडतात असे नाही. झी आणि सोनी यांचे दोन वर्षांहून जास्त काळ ठरत होते, जानेवारी २०२४ मध्ये मोडले. म्हणून झी५ आणि सोनी लिव्ह अजून वेगवेगळ्या घरी राहतात.

नातीला कागद दाखवला. तिने दोन्ही फांद्यांवर बोट फिरवले आणि विचारले, "म्हणजे आजी स्टार प्रवाह बघते आणि शेजारच्या काकू कलर्स मराठी बघतात, आणि दोघी भांडतात कुठली चांगली, ते दोन्ही एकाच मालकाचं?" हो, म्हटले. ती आजीला सांगायला पळाली. आजीने विश्वास ठेवला नाही.

त्या केबलवाल्या विद्यार्थ्याचे सांगायचे राहिले. ३१ मार्च २०१३ पर्यंत सोलापुरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. गच्चीवरच्या डिशने भागेना, तशी त्याची तार एका मोठ्या कंपनीला जोडली गेली आणि तो मालकाचा वसुलीवाला झाला. मोठ्या कंपन्याही मोठ्यांच्या पोटात गेल्याच. २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या देशातल्या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुसंख्य हिस्सा घेण्याचे जाहीर केले, तेही या कागदावर एका कडेला लिहिले आहे. हा आता लोकांच्या घरी इंटरनेटची जोडणी देतो. केस पांढरे झाले.

परवा आमचे नेट बंद पडले म्हणून आला होता. चहा घेताना कागद पाहिला, नीट वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला. म्हणाला, "सर, यात मी कुठं आहे?" मी पेन्सिलीने १९९२ च्या समोर एक रेघ काढली. डिशला तेव्हा किती खर्च आला होता, उसने कोणाकोणाकडून घेतले होते, ते त्याने आठवून आठवून सांगितले. तेही लिहून ठेवले आहे.