दार न लावता चालवलेले ट्रक : लाडोगा सरोवर, १९४१-४२

१/
कडाक्याच्या थंडीत मोटारीचे दार गोठते. फटीत शिरलेल्या पाण्याचा बर्फ होतो आणि दार चौकटीला घट्ट धरून बसते. एरवी ही केवळ गैरसोय. परंतु १९४१ च्या हिवाळ्यात रशियातील लाडोगा सरोवरावर वेळेवर न उघडलेले दार म्हणजे चालकाचा मृत्यू होता. तेथील चालकांनी यावर साधा उपाय काढला. त्यांनी दार लावणेच सोडून दिले.

२/
८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने श्लिसेलबुर्ग घेतले आणि लेनिनग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा, उर्वरित देशाशी असलेला खुष्कीचा मार्ग तुटला. दक्षिणेस जर्मन, उत्तरेस फिनलंडचे सैन्य. वीस लाखांहून अधिक माणसे आत अडकली. मोकळी उरली ती केवळ पूर्वेकडील लाडोगाची बाजू.

३/
२० नोव्हेंबरपासून शहरातील पावाचा शिधा सर्वांत खाली आला. कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम, तर कचेरीतील नोकरदार, वृद्ध व मुले यांना १२५ ग्रॅम. त्या पावातही सेल्युलोजसारखी भर घातलेली असे. सरोवर गोठू लागल्याने नावांची वाहतूक बंद पडत चालली होती. आता त्याच बर्फावरून रस्ता काढणे भाग होते.

४/
टेहळणी पथकांनी पायी जाऊन बर्फाची जाडी मोजली आणि मार्गावर खुणा रोवल्या. आधी घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या. २२ नोव्हेंबरला सुमारे ६० ट्रकांचा पहिला तांडा पूर्व किनाऱ्यावरील कोबोनाकडे निघाला आणि धान्य घेऊन परतला. बर्फावरचे अंतर सुमारे ३० किलोमीटर होते.

५/
यातील बहुतेक ट्रक गाझ-एए जातीचे होते. फोर्डच्या आराखड्यावरून गोर्की येथे बनणाऱ्या या ट्रकाची क्षमता दीड टन, म्हणून लोक त्याला 'पोलुतोर्का', म्हणजे 'दीडटनी', म्हणत. आरंभी बर्फ इतका पातळ होता की ट्रकात मोजकीच पोती चढवत आणि मागे घसरगाडी जोडत. त्यामुळे वजन एकाच जागी न पडता विभागले जाई. तरीही ट्रक बुडत. पहिल्या दोन आठवड्यांतच शंभराहून अधिक ट्रक गमावले गेले.

६/
बर्फ फुटला की ट्रक पाहता पाहता खाली जाई. पाणी चढू लागले की बाहेरच्या दाबाने बंद दार उघडत नाही, आणि दार आधीच गोठलेले असेल तर तेवढीही संधी उरत नाही. म्हणून चालक दार उघडे ठेवून ट्रक हाकत. कित्येकांनी दारे काढूनच टाकली. उडी मारता यावी, यासाठी मोजलेली किंमत होती बोचरा वारा. तापमान उणे ३० अंशांच्याही खाली जाई आणि चालकाला आधार असे तो मेंढीच्या कातड्याचा कोट व नमद्याचे बूट यांचाच.

७/
इंजिनाचेही हाल होते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि त्या जोराने इंजिनाचे लोखंडसुद्धा तडकते. त्यामुळे थांबल्यावर इंजिन चालू ठेवणे किंवा पाणी काढून टाकणे हेच पर्याय उरत. एका पाळीत अनेक खेपा कराव्या लागत. डोळा लागू नये म्हणून काही चालक डोक्यामागे रिकामे भांडे टांगत. ट्रक हादरला की ते खणखणत राही.

८/
एक कोडे मात्र सुटत नव्हते. काही ट्रक जाड बर्फावर आणि कमी वजन असतानाही बुडत. लेनिनग्राडच्या भौतिक-तंत्र संस्थेतील पावेल कोबेको व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फ किती वाकतो हे नोंदवणारी उपकरणे सरोवरावर बसवली.

९/
उत्तर वेगात दडलेले होते. ट्रकाच्या भाराने बर्फ लवतो आणि त्याखालील पाण्यात लाट उठते. ट्रकाचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की कंप वाढत जातो आणि बर्फ फुटतो. लाडोगावर हा घातक वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर निघाला. त्यावरून वेगाचे व दोन ट्रकांमधील अंतराचे नियम ठरले.

१०/
२५ डिसेंबरला शिधा वाढला. कामगारांना ३५० ग्रॅम, इतरांना २०० ग्रॅम. एप्रिल १९४२ अखेर बर्फ वितळेपर्यंत या मार्गाने साडेतीन लाख टनांहून अधिक माल आत आला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. तरीही त्याच हिवाळ्यात लाखो नागरिक भुकेने दगावले. रस्ता सर्वांना वाचवू शकला नाही. तो नसता तर शहर टिकणे मात्र अशक्यच होते.

११/
वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी. सरोवराच्या पश्चिम काठावर १९६६ साली 'तुटलेले कडे' हे स्मारक उभे राहिले. काँक्रीटच्या दोन प्रचंड कमानी एकमेकींकडे झुकतात, पण मिळत नाहीत. मधल्या फटीतून ट्रकांच्या चाकांचे ठसे थेट पाण्याकडे जातात. तेथूनच दार न लावलेले ते ट्रक बर्फावर उतरत असत.