'त्यानंच आधी हात उचलला': बाल न्याय मंडळापुढची मुलं हिंसेकडे कशी बघतात?

हाणामारी किंवा चाकूहल्ल्यात १८ वर्षांखालचा मुलगा सापडला की लोक दोनच गोष्टी बोलतात. 'पोरगं वाया गेलं' नाहीतर 'लहान आहे, सोडा'. त्या मुलाला स्वतःला ती मारामारी कशी दिसते, हे फारसं कुणी विचारत नाही. कायद्याला मात्र ते विचारावं लागतं.

पाच सबबी

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साईक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये मांडलं की अशा मुलांना चूक-बरोबर कळत नाही असं नाही. कळतं, पण ती स्वतःपुरती सूट काढतात. त्यांनी सांगितलेले पाच प्रकार आपल्या बोलीत नमुन्यादाखल असे:

- जबाबदारी झटकणं: 'पोरांनी नेलं, मी काय करणार?'
- नुकसान नाकारणं: 'मस्करी होती, जास्त लागलं नाही.'
- समोरच्यालाच दोष: 'त्यानंच आधी हात उचलला.'
- मोठ्यांवर बोट: 'पोलीस मारत नाहीत का?'
- दोस्तीची आण: 'भावासाठी उभं राहायला नको?'

घरात, गल्लीत मार बघत वाढलेल्या मुलाला मारणं हाच वाद मिटवायचा रस्ता वाटू शकतो. त्यामुळे 'पश्चात्ताप झाला का?' एवढं विचारून भागत नाही.

कायदा काय बघतो

बाल न्याय कायदा २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. केंद्राचा कायदा असल्याने बेळगाव असो, इंदूर असो की वडोदरा, मूळ तरतुदी त्याच. विधीसंघर्षग्रस्त बालकाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे उभं करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्या दोघांत किमान एक महिला. परिविक्षा अधिकारी घर, शाळा, संगत तपासून दोन आठवड्यांत अहवाल देतो.

मुलगा १६ ते १८ वयाचा आणि गुन्ह्याची किमान शिक्षा ७ वर्षे किंवा जास्त असेल, तर प्राथमिक मूल्यांकन होतं. त्यात मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती बघतात. त्यावरून खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरतं. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेला एकही सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी सांगितलं.

भाषा आणि सीमा

सीमाभागात इथेच खरी अडचण येते. मुलगा मराठीत बोलतो, कागद दुसऱ्या भाषेत होतात. 'घाबरून ढकललं' याचं भाषांतरात 'मारलं' झालं, तर अर्थच बदलतो. म्हणून पालकांनी हे लक्षात ठेवावं:

- कामकाजाची भाषा मुलाला समजत नसेल, तर मंडळाने दुभाषी द्यायचा असतो (कलम ८). तो मागून घ्यावा.
- विधी सेवा संस्थांमार्फत मोफत वकील मिळतो.
- मुलगा परराज्यात पकडला गेला, तर चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश झाल्यावर त्याला गावाकडच्या मंडळाकडे पाठवता येतं (कलम ९५).
- मुलाचं नाव, शाळा, फोटो प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे (कलम ७४). ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूल्यांकन म्हणजे खटला नव्हे, हे कायदाच सांगतो. तिथे मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत पोचलं, तरच पुढचा निर्णय योग्य माहितीवर होईल.