ब्रायटनची परिषद आणि चित्रपटाचा इतिहास

इतिहास म्हटला कीं महाराष्ट्रीय माणसाच्या डोळ्यांपुढें दप्तरें, बखरी आणि ताम्रपट उभे राहतात. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुने कागद गोळा केले, १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. साधन आधीं, सिद्धान्त मागून, हा दंडक त्या पिढीनें घालून दिला. चित्रपटाच्या अभ्यासकांना मात्र त्याची खरी प्रचीति फार उशिरां आली. ज्या सभेंत ती आली, ती १९७८ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या शहरीं भरली होती.

ल्यूमिएर बंधूंचे हलते चित्रांचे खेळ १८९५ च्या डिसेंबरांत पॅरिसमध्यें सुरू झाले आणि १८९६ च्या ७ जुलैस ते मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत येऊन पोंचले. या आरंभींच्या काळाविषयीं पुढें जे ग्रंथ झाले, ते पुष्कळ अंशीं जुन्या लोकांच्या आठवणी, वर्तमानपत्रांतील मजकूर आणि कंपन्यांचीं सूचीपत्रें यांवर रचलेले होते. प्रत्यक्ष फीत पाहावी तर ती मिळणें दुर्घट. नायट्रेटची फीत क्षणांत पेट घेते. न पेटली तर कालांतरानें कुजते. आणि खेळ जुना झाला म्हणजे मालकाच्या लेखीं तिची किंमत तिच्यांतून निघणाऱ्या चांदीपुरतीच राहते. जीं थोडीं चित्रें वांचलीं, तीं देशोदेशींच्या संग्रहालयांत डब्यांत पडून होतीं. त्यामुळें असा समज रूढ झाला कीं, आरंभींचे चित्रपट म्हणजे या कलेचे बोबडे बोल; पुढील कथापटाकडे नेणाऱ्या पायऱ्या, यापलीकडे त्यांना महत्त्व नाहीं.

चित्रपट-संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय संघ १९३८ सालीं पॅरिस येथें स्थापन झाला होता. पॅरिस, लंडन, बर्लिन आणि न्यूयॉर्क येथील चार संस्था त्याच्या संस्थापक होत. या संघाचें १९७८ सालचें अधिवेशन ब्रायटनला भरलें. स्थळही समर्पकच होतें, कारण जी. ए. स्मिथ आणि जेम्स विल्यमसन या आद्य इंग्रज चित्रपटकारांनीं १९०० च्या सुमारास याच परिसरांत काम केलें होतें. लंडनच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे डेव्हिड फ्रान्सिस यांनीं पुढाकार घेऊन १९०० ते १९०६ या सात वर्षांतील कथाचित्रें निरनिराळ्या संग्रहांतून मागविलीं. पांचशेंहून अधिक चित्रें तेथें लागोपाठ दाखविण्यांत आलीं. डबे सांभाळणारे संग्रहपाल आणि पुस्तकें लिहिणारे पंडित एका अंधाऱ्या दालनांत शेजारीं शेजारीं बसले. टॉम गनिंग, चार्ल्स मसर, आंद्रे गोद्रो हे त्या वेळीं तरुण संशोधक होते. त्यांच्या पुढील कार्याचा पाया तेथें घातला गेला.

प्रत्यक्ष पाहण्यानें काय घडतें, याचें एक उदाहरण ध्यानांत घेण्याजोगें आहे. एडविन पोर्टर यानें एडिसन कंपनीसाठीं केलेला ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ हा चित्रपट १९०३ सालीं बाहेर पडला. जळत्या घरांतून बंबवाला एक स्त्री आणि तिचें मूल यांना वांचवितो, एवढीच त्याची कथा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयांतील प्रतींत खोलीच्या आंतील आणि रस्त्यावरील दृश्यें आलटून पालटून येत. तेवढ्यावरून पोर्टरला आधुनिक संकलनकलेचा जनक म्हणण्यांत येई. परंतु वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत याच चित्रपटाची दुसरी प्रत होती, आणि ती कागदाची होती! अमेरिकन कायद्यांत १९१२ पर्यंत चित्रपट म्हणून मालकीहक्क नोंदण्याची सोय नव्हती. म्हणून कंपन्या सगळी फीत कागदावर छापून छायाचित्रें म्हणून दाखल करीत. अशीं तीन हजारांवर चित्रें तेथें राहिलीं. या कागदी प्रतींत सुटकेचा सगळा प्रसंग प्रथम आंतून दिसतो, आणि मग तोच प्रसंग पुन्हां आरंभापासून बाहेरून दिसतो. नोंदणीच्या वेळची ही प्रत अस्सल, आणि आलटून पालटून जोडलेली प्रत मागाहून कोणी फेरजुळणी केलेली, असा निर्णय पुढें अभ्यासकांनीं दिला. तुकडे जोडणाऱ्या अनामिक हातानें एक जनक निर्माण केला होता, असेंच म्हणावें लागेल.

ब्रायटनचीं फळें लवकरच दिसूं लागलीं. परिषदेंतील निबंध आणि चित्रसूची १९८२ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झालीं. त्याच वर्षीं इटलींतील पोर्देनोने येथें मूकपटांचा वार्षिक महोत्सव सुरू झाला. १९८५ सालीं ‘दोमितोर’ ही आद्य चित्रपटाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. गनिंग यांनीं १९८६ सालीं असें प्रतिपादिलें कीं, त्या काळचा चित्रपट हा अपुरा कथापट नव्हे. प्रेक्षकाला चकित करणारा, जत्रेंतल्या खेळाच्या जातीचा तो स्वतंत्र प्रकार होय. बोबडे बोल म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांची एक निराळी भाषा होती, असें ठरलें.

हा प्रश्न परदेशापुरताच नाहीं. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत १९१३ च्या ३ मे रोजीं लागला. त्याच्या चार रिळांपैकीं पहिलें आणि शेवटचें एवढींच आज शिल्लक असल्याचें मानण्यांत येतें. पण तींही १९१३ चीं, कीं फाळक्यांनीं १९१७ सालीं नव्यानें काढलेल्या चित्रपटाचीं, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. बंबवाल्याच्या चित्राचा निकाल लागला, कारण ताडून पाहावयास दुसरी प्रत होती. येथें ती नाहीं. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, तोंवर बहुतेक भारतीय मूकपट नाहींसे झाले होते. पी. के. नायर यांनीं राजवाड्यांच्याच चिकाटीनें दारोदार फिरून जें हाताला लागलें तें जमविलें. फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष आज पाहतां येतात, याचें बरेंचसें श्रेय त्यांना आहे. तथापि २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच लागलेल्या आगींत नायट्रेटच्या जुन्या फितींचा मोठा साठा भस्मसात झाला.

आज या विषयाला विद्यापीठांत स्थान आहे; कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठानें १९९३ सालीं त्याचा स्वतंत्र विभाग उघडला. पुण्याच्या संग्रहालयानेंही संशोधनासाठीं शिष्यवृत्त्या दिल्या आणि प्रबंधिका प्रसिद्ध केल्या. या सोयी मोलाच्या आहेत. परंतु ब्रायटनचा खरा बोध असा कीं, अभ्यासकाला विद्यावेतनाहूनही अधिक गरज मूळ वस्तु पाहावयास मिळण्याची असते. आणि पाहावयास मिळण्यासाठीं ती कोणीतरी आधीं जपलेली असावी लागते. माळ्यावरच्या ट्रंकेंत एखादें गंजलेलें वाटोळें डबडें सांपडलें, तर तें भंगारांत टाकण्यापूर्वीं जाणत्याला दाखवावें. न जाणो, एका वादाचा निकाल त्यांतच गुंडाळलेला असेल.