पोर तठे ऱ्हाई कोठे?

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की आम्ही कारण लिहून घेतो. बियाणं, म्हैस, शिलाई मशीन, मुलांची फी. मागच्या वर्षी एका ताईंनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं. पोरीचा पुण्यात नंबर लागला होता. फी सांगून झाली, बसचं भाडं सांगून झालं. तेवढ्यात मागून एका आजींनी विचारलं, "पोर तठे ऱ्हाई कोठे?" आमच्या अर्जात या प्रश्नाला रकानाच नव्हता.

म्हणून आज बाबासाहेब आंबेडकरांच्या खोल्यांची गोष्ट सांगतो. त्यांच्या पदव्या आपल्याला पाठ आहेत. पण परमुलखात ते राहिले कुठे, हे कोणी फारसं विचारत नाही.

1913 च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. वय 22. फेब्रुवारीतच वडील वारले होते. घरी रमाबाई आणि सहा-सात महिन्यांचा यशवंत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्यातूनच जेवायचं, राहायचं, पुस्तकं घ्यायची आणि घरीही पाठवायचं.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते आधी उतरले. तिथलं जेवण घशाखाली उतरेना. आठवडाभरात त्यांनी मुक्काम हलवला आणि ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या दुसऱ्या वसतिगृहात ते स्थिरावले. तिथले त्यांचे सोबती नवल भथेना, पारशी समाजातले. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा याच मित्राने पाच हजार रुपये उसने दिले.

म्हणजे तीन जागा बदलल्या तेव्हा कुठे बस्तान बसलं. आपली पोरगी हॉस्टेलवरून पहिल्या आठवड्यात फोन करून रडली, तर लगेच घाबरून जाऊ नका.

तिथे कोणी जात विचारली नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ते लिहितात की, युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच मनातून पुसून गेली होती. ती परत आली 1917 मध्ये, बडोद्याच्या स्टेशनवर. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले होते. परदेशात शिकून आलेला माणूस स्टेशनवर उभा आणि मनात प्रश्न एकच, जायचं कुठे? आपल्या आजींचाच प्रश्न.

एका पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणाले. ओळखीच्या दोघांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हणून वेळ मारून नेली. बाबासाहेब बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. न्यूयॉर्कमध्ये सोबत राहिलेला मित्र पारशी आणि लाठ्या घेऊन आलेलेही पारशीच. एका समाजाबद्दल एकच मत करून बसू नये, ते यासाठी.

1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा पैशांची फार ओढ होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, तरी पुरत नव्हतं. भाड्याच्या खोलीची मालकीण खायला द्यायची ते बेताचंच. दिवसभर ग्रंथालयात बसायचं आणि रात्री भूक लागली की कोणी ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खायचे. आपण उडदाचे पापड लाटतो, वाळवतो, पुड्या करतो. त्या पुडीवर किंमत लिहिताना आम्हाला हटकून ही गोष्ट आठवते. इकडे मुंबईत रमाबाई काटकसरीत संसार ओढत होत्या. ती तपश्चर्या कोणत्याच पदवीवर लिहिलेली नाही. लंडनमधलं किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर, जिथे ते त्या काळात राहिले, ते महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे.

आता आपल्या खान्देशात येऊ. ऑक्टोबर 1929. तोपर्यंत ते डॉक्टर, बॅरिस्टर झालेले. मुंबई सरकारच्या एका समितीच्या कामासाठी ते धुळ्याकडे आले होते. परतताना चाळीसगावच्या स्टेशनवर महारवाड्यातली मंडळी भेटली. आज रात्री आमच्याकडे राहा म्हणाली. ते राहायला तयार झाले. पण टांगेवाले त्यांना घेऊन जाईनात. एकाने टांगा भाड्याने दिला, हाकायला मात्र नकार दिला. साहेबांनी पायी जाणं बरं दिसणार नाही, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला टांग्याची सवय नव्हती. नदीच्या मोरीवर चाक दगडाला धडकलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला. टांगा का मिळत नव्हता, हे त्यांना नंतर कळलं.

पुढे 31 जुलै 1937 ला कोर्टाच्या कामासाठी ते धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या तारखेला दरवर्षी तिथे गर्दी होते, तुमच्यापैकी काही जणी जातही असतील.

आमच्या ताईंच्या पोरीचं काय झालं, तेही सांगतो. पुण्यात एका ठिकाणी खोली पसंत पडली, भाडं ठरलं. मग मालकाने आडनाव विचारलं आणि खोली कालच दिली म्हणून सांगितलं. पोरगी फोनवर एवढंच बोलली. तिची आई बैठकीत गप्प बसून होती. शेवटी सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं, पण दीड महिन्याने. तोवर ती गटातल्या एका बाईच्या भाचीकडे, एका खोलीत चौघी, अशी राहिली. त्या दीड महिन्याचे पैसे आम्ही कर्जात धरले नव्हते. आता अर्जात फीच्या खाली एक रकाना वाढवला आहे. राहण्याची सोय. तिथे पत्ता लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. आणि पत्ता नसेल तर शोधायला कोण जाणार, ते त्याच बैठकीत ठरतं.