वकिलीतून बाइंडिंगकडे

"यार, हाताने काहीतरी करायला हवं." हे वाक्य साधारण शुक्रवारी संध्याकाळी ऐकू येतं. दिवसभर आपण जे करतो त्याला हात लावून बघता येत नाही. कोड लिहिला, चेक-इन केला, बिल्ड पास झाला, घरी आलो. आज काय बनवलं ते आईला दाखवायचं म्हटलं तर दाखवणार काय? मग मंडळी छंद शोधायला लागतात आणि दोनच शनिवारांत फ्लॅटच्या भिंतींवर आपटतात. सुतारकाम करावं तर भुसा आणि ड्रिल, खालच्या मजल्यावरचे काका लगेच वर येणार. कुंभारकाम करावं तर भट्टी ठेवणार कुठे? ऑइल पेंटिंग करावं तर टर्पेंटाइनचा वास आणि त्याच खोलीत झोपायचं. वन बीएचकेमध्ये टेबल एकच, आणि तेही जेवणाचं.

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर १८८३ सालचं आहे, लंडनमधलं. ते ज्याला सापडलं तो माणूसही खुर्चीत बसून कागदं हलवणाराच होता. त्याची गोष्ट वाचण्यासारखी आहे, कारण छंद कसा निवडावा हे तीत आहे आणि छंद हातातून कसा निसटतो हेही.

थॉमस जेम्स सँडरसन. जन्म १८४० चा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या अ‍ॅनिक गावातला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला, पण परीक्षांच्या चढाओढीवर विश्वास नाही म्हणून डिग्री न घेताच बाहेर पडला. पुढे लंडनमध्ये बॅरिस्टर झाला. त्याच्याकडे जे मोठं काम आलं ते असं: लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वे या कंपनीचे सगळे अधिकार, हक्क आणि जबाबदाऱ्या गोळा करून नीट मांडायच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर एका अवाढव्य जुन्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन. यात त्याची तब्येत पार ढासळली. हवापालटासाठी तो इटलीला गेला, तिथे त्याला अ‍ॅनी कॉब्डेन भेटली. अ‍ॅनी म्हणजे खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता म्हणून गाजलेला राजकारणी रिचर्ड कॉब्डेन याची मुलगी. १८८२ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि त्याने बायकोचं आडनाव आपल्या आडनावाला जोडून घेतलं. त्या काळात! तेव्हापासून तो कॉब्डेन-सँडरसन.

जून १८८३ मध्ये हे दोघे विल्यम मॉरिसकडे जेवायला गेले. मॉरिस म्हणजे कवी, वॉलपेपर आणि कापडांचा डिझायनर, समाजवादी, सगळंच. जेवताना आपल्या पाहुण्याने सांगितलं, की मला हाताने काहीतरी करायचंय, पण काय ते कळत नाही. मॉरिसची बायको जेन स्वतः उत्तम भरतकाम करायची. ती म्हणाली, मग बाइंडिंग शिका की, आपल्या मंडळींत ते करणारं कोणी नाही. बस्स. बेचाळीस वर्षांच्या वकिलाने ते मनावर घेतलं. रॉजर द कव्हर्ली नावाच्या बाइंडरच्या दुकानात तो साधारण सहा महिने पैसे भरून शिकला. १८८४ मध्ये स्ट्रँडजवळच्या मेडन लेनमध्ये त्याने स्वतःची छोटी कार्यशाळा उघडली.

आता यातली खरी गंमत. बाइंडिंग हा धंदा तेव्हा कसा चालायचा ते आधी बघावं लागेल. पूर्वी पुस्तक बहुधा नुसत्या पानांच्या रूपात विकत घ्यायचं आणि बाइंडरकडून बांधून घ्यायचं अशी रीत होती. १८२० आणि १८३० च्या दशकांत प्रकाशक स्वतःच कापडी कव्हर घालून तयार पुस्तक विकायला लागले, आणि बाइंडिंगचे मोठे कारखाने झाले. कामाचे तुकडे पडले. कागद घडी घालणं आणि जुज शिवणं हे बायकांचं काम. पाठ गोल करणं, पुठ्ठे जोडणं, कातडं चढवणं हे पुरुषांचं. कातड्यावर सोनेरी नक्षी उठवणारे त्याहून वेगळे, सगळ्यांत वरच्या पायरीवरचे. ज्याने शिवलं त्याने नक्षी केली नाही, नक्षी करणाऱ्याने सुई धरली नाही. असेंब्ली लाइनच ती.

त्याच काळात अजून एक बदल झाला. शिवण्याआधी छापील कागद दाबून सपाट करावे लागतात. पूर्वी ते दगडावर ठेवून जड हातोड्याने बडवायचे. १८२० च्या दशकाच्या शेवटी हे काम लोखंडी रोलर करायला लागले. म्हणजे या धंद्यातलं सगळ्यात जास्त दणका देणारं काम यंत्राकडे गेलं. मागे राहिली ती शांत कामं: घडी, शिवण, खळ, कातडं, नक्षी. ती एका खोलीत मावत होती आणि एकट्याच्या हातांना झेपत होती.

कॉब्डेन-सँडरसनने नेमकं हेच केलं. धंद्याने तुकडे केलेलं काम त्याने एका टेबलावर परत गोळा केलं. 'एका' म्हणताना थोडं थांबायला हवं, कारण सुरुवातीची शिवण अ‍ॅनीने केली. शिवण ही बाइंडिंगचा पाया आहे, पुस्तक उघडलं की नीट पसरतं ते शिवणीमुळे. पण नाव मात्र नक्षी करणाऱ्याचं झालं. असो.

मेडन लेनच्या पहिल्याच वर्षातलं त्याचं एक काम प्रसिद्ध आहे. मॉरिसकडे मार्क्सच्या 'कॅपिटल'ची फ्रेंच प्रत होती. वाचून वाचून ती खिळखिळी झाली होती, जुज सुटे झाले होते. ती या नवशिक्या बाइंडरने बांधून दिली, कातड्यात आणि सोन्याच्या नक्षीसकट. भांडवलशाहीवरच्या पुस्तकाला सोन्याचा वर्ख. :) पण पुस्तक वापरून फाटलं म्हणून दुरुस्त करून घेतलं, ही मला त्यातली खरी चांगली गोष्ट वाटते.

इथे एक हिशोबाची गोष्ट सांगून टाकतो, कारण अशा कहाण्या ऐकून लोकांना राजीनामा टाइप करायची सुरसुरी येते. साहेबांनी वकिली सोडली खरी, पण पाठीशी अ‍ॅनीचा वारशाचा पैसा होता. पुढे सुरू केलेल्या छापखान्यालाही तोच कामाला आला. आपल्या पाठीशी ईएमआय आहे. त्यामुळे त्याच्याकडून टेबल घ्यावं, राजीनामा घेऊ नये.

पुढचा भाग मात्र आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने नीट वाचावा.

१८८७ मध्ये मॉरिसच्या परिवारातले कलाकार प्रदर्शनासाठी एक संस्था काढत होते. तिच्या नावात 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स' हे शब्द असावेत असं कॉब्डेन-सँडरसनने सुचवलं. एका मोठ्या चळवळीला आज सगळं जग ज्या नावाने ओळखतं ते असं एका हौशी बाइंडरकडून आलं. त्याचं नाव झालं, ऑर्डरी वाढल्या. १८९१ मध्ये मॉरिसने हॅमरस्मिथला नदीकाठी केल्मस्कॉट प्रेस सुरू केला. १८९३ मध्ये आपल्या माणसाने शेजारीच, १५ अप्पर मॉल इथे, 'डव्ह्ज बाइंडरी' उघडली. नाव जवळच्या पबवरून.

या बाइंडरीत शिवायला वेगळी बाई होती, बांधणीला वेगळा माणूस, नक्षीला चार्ल्स मॅक्लिश हा वेगळा कारागीर, आणि डग्लस कॉकरेल नावाचा एक शिकाऊ तरुण. डिझाइन कॉब्डेन-सँडरसनचं, देखरेख त्याची, पुस्तकावर शिक्का बाइंडरीचा, आणि हात दुसऱ्यांचे. मॅक्लिशच्या हातची कामं अप्रतिम आहेत, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण हात वापरायचे म्हणून ज्याने वकिली सोडली, तो दहा वर्षांत पुन्हा कागदावर रेघा ओढून कामं वाटणारा झाला होता. चांगला कोडर प्रमोशन मिळून मॅनेजर होतो आणि तीन वर्षांनी त्याला कंपायलरची एरर बघूनही गहिवरून येतं, तशातला प्रकार.

१९०० मध्ये एमरी वॉकर या भागीदाराबरोबर त्याने 'डव्ह्ज प्रेस' सुरू केला. पंधराव्या शतकातल्या व्हेनिसमधल्या छपाईवरून खास खिळे पाडून घेतले आणि पाच खंडांचं देखणं बायबल छापलं. मग भागीदारांचं फिसकटलं. ठरलं असं, की खिळे कॉब्डेन-सँडरसनने हयातभर वापरावेत आणि त्याच्यामागे वॉकरला मिळावेत. वॉकर वयाने दहा-अकरा वर्षांनी लहान. खिळे दुसऱ्याच्या हाती जाणं म्हाताऱ्याला सहन होईना. १९१३ मध्ये त्याने साचे थेम्समध्ये टाकले. ऑगस्ट १९१६ पासून पुढचे काही महिने तो रात्री हॅमरस्मिथ पुलावर जाऊन खिळे नदीत टाकत राहिला. पंच्याहत्तरी पार केलेला माणूस, सुमारे १७० फेऱ्या आणि एक टनाहून जास्त शिसं. १९२२ मध्ये तो गेल्यावर वॉकरने दावा लावला आणि अ‍ॅनीला ७०० पौंड भरावे लागले. २०१४ मध्ये रॉबर्ट ग्रीन या डिझायनरने पाणबुड्यांच्या मदतीने त्यातले दीडशे खिळे नदीच्या तळातून काढले.

ही खिळ्यांची गोष्ट सगळे चवीने सांगतात. मला ती वाईट वाटते. टेबलावरच्या छंदाची संस्था झाली, संस्थेत भागीदार आले, भागीदारीत करार आला, आणि शेवटी त्या हातांना उरलं काय, तर ओझी वाहून नदीत टाकणं.

छंद म्हणून बाइंडिंग टिकलं ते दुसऱ्याच माणसामुळे. बाइंडरीतल्या त्या शिकाऊ कॉकरेलने पुढे स्वतःचं काम सुरू केलं, लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये शिकवलं आणि १९०१ मध्ये 'बुकबाइंडिंग अँड द केअर ऑफ बुक्स' हे पुस्तक लिहिलं. पायरीपायरीने, आकृत्यांसह, अगदी चांगल्या मॅन्युअलसारखं. त्यावरून पिढ्यान् पिढ्या हौशी लोक घरच्या टेबलावर बाइंडिंग शिकले. धन्याचं नाव इतिहासात गेलं, शिकाऊ पोराचं मॅन्युअल लोकांच्या घरात गेलं.

आता आपल्या टेबलाकडे. आपल्याकडेही हे काम काही परकं नाही. 'जुजबंदी' हा शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे. 'जुज' हा अरबी-फारसीतून आलेला, अर्थ 'भाग'. मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून, दाभणाने भोकं पाडून रफ वही शिवणं हे कितीतरी घरांत चालायचं. म्हणजे अर्धं काम आपल्या आई-बाबांना येतं, विचारून बघा.

सामान एका बुटांच्या खोक्यात मावतं: सुई, मेण लावलेला जाड दोरा, टोच्या, कटर, स्टीलची पट्टी, पुठ्ठा, कापड. खळ मैद्याची, घरीच शिजवायची, चिमूटभर तुरटी घालून. बाजारातले बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी, स्वयंपाकघरात नको. खळीचा मोठा गुण म्हणजे ती पाण्याने सुटते, त्यामुळे चुकलं तर अन-डू आहे. पावसाळ्यात मात्र लवकर वाळत नाही आणि बुरशी धरते, तेव्हा थोडीच करावी. दाबायला प्रेस नको, इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं शेवटी या कामाला येतात.

चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठांचा एक जुज. असे सहा शिवले की ९६ पृष्ठांची वही. एकच तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवायची: कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतूंची दिशा, आणि ती वहीच्या पाठीला समांतर हवी. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, जिकडे सहज वाकतो ती घडी ग्रेनच्या दिशेने. नेहमीच्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांब बाजूने जातात, त्यामुळे तो अर्ध्यात दुमडला की दिशा उलटी येते आणि वही फुगीर होते. मोठा कागद आणून, दिशा बघून कापावा.

सोनेरी नक्षी, कातडं, हातोड्याने पाठ गोल करणं हे सोडून द्या. त्याला तापवलेली अवजारं आणि धीट शेजारी लागतात. उरलेलं रात्री अकरा वाजतासुद्धा करता येतं, आवाज फक्त दोरा कागदातून ओढला जाण्याचा. कचरा म्हणजे कागदाच्या चार पट्ट्या. काम संपलं की टेबलावर जेवायचं.

पहिली वही वाकडी आली तरी तिच्यात लिहिता येतं. दुसरी कोणाला तरी देता येते. तिसरी बघून कोणी म्हणेल, अरे, ऑर्डरी घे, दोन माणसं ठेव, वेबसाइट काढ. तेव्हा हॅमरस्मिथचा तो पूल आठवायचा आणि चौथी वही शिवायला घ्यायची.