‘ड्युको’ आला कुठून? स्प्रे-गनचा इतिहास आणि छोट्या लाकूडकामासाठी परवडणारी निवड

#थ्रेड #इतिहास

१/ फर्निचरला गुळगुळीत, चकचकीत रंग हवा असे सांगितले, की कारागीर हमखास विचारतो, “ड्युको करायचा का?” हे कोणत्याही रंगप्रकाराचे शास्त्रीय नाव नाही. १९२३ साली अमेरिकेत मोटारींसाठी बाजारात आलेल्या एका रंगाचे ते व्यापारी नाव आहे. मोटारीचा रंग कपाटावर कसा पोहोचला, याचे उत्तर स्प्रे-गनच्या इतिहासात सापडते.

२/ या इतिहासाचा आजही उपयोग आहे. फोटोफ्रेम, पेटी, खेळणी, लहान स्टूल अशा कामांसाठी स्वस्त स्प्रे शोधणारा माणूस बाजारातल्या डझनभर यंत्रांपुढे गोंधळतो. पण यांतले जवळजवळ प्रत्येक यंत्र मुळात दुसऱ्याच कोणाची तरी अडचण सोडवण्यासाठी जन्मले. ती अडचण कोणती, हे कळले की निवड सोपी होते.

३/ स्प्रेच्या आधी होता बोळा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात ‘फ्रेंच पॉलिश’ रूढ झाले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून तिच्यात भिजवायचा आणि लाकडावर गोल-गोल फिरवत अतिशय पातळ असे अनेक थर चढवायचे. यंत्राचा खर्च शून्य. वेळ आणि हात मात्र अपार.

४/ ही लाख मुख्यतः भारतातून जाई. छोटा नागपूरच्या पट्ट्यात पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जात. आपल्याकडे सावंतवाडीच्या कारागिरांना तर बोळाही लागत नसे. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. लहान, गोल वस्तूंसाठी याहून काटकसरीची रीत शोधणे कठीण.

५/ फवाऱ्याची कथा सुरू होते दवाखान्यात. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या टोलीडो शहरात डॉ. ॲलन डेव्हिल्बिस घसा-नाकाच्या रुग्णांवर उपचार करत. घशाच्या आत औषध नीट लागावे म्हणून त्यांनी रबरी फुगा दाबून औषधाचे तुषार उडवणारे उपकरण तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचा उद्योग उभारला.

६/ या उपकरणामागचे तत्त्व साधे आहे. द्रवात बुडालेल्या नळीच्या तोंडावरून वेगाने हवा गेली, की तिथला दाब कमी होतो, द्रव वर खेचला जातो आणि हवेच्या झोतात त्याचे बारीक कण होतात. जुन्या घरांमध्ये ढेकूण-डासांवर मारला जाणारा ‘फ्लिट’चा पंपही याच तत्त्वावर चाले. आजची खाली डबा असलेली ‘सक्शन’ स्प्रे-गन ही त्याच घराण्यातली.

७/ दुसरी शाखा चित्रकारांची. १८७० च्या दशकाच्या अखेरीस आयोवातील ॲबनर पीलर यांनी हवेच्या झोताने रंग देणारे एक नाजूक उपकरण घडवले. त्याचे हक्क पुढे लिबर्टी वॉकअप यांच्याकडे गेले आणि ‘एअरब्रश’ हे नाव रुळले. त्याचा पहिला मोठा उपयोग होता छायाचित्रांवर हात फिरवणे. म्हणजे लहान जागा, थोडा रंग आणि भरपूर नियंत्रण.

८/ तिसरी शाखा चुनेवाल्यांची. १८८७ मध्ये शिकागोतील मार्शल फील्ड या प्रचंड दुकानाच्या देखभालीची जबाबदारी जोसेफ बिंक्स यांच्यावर होती. तळघराच्या लांबच लांब भिंतींना चुना देण्यासाठी त्यांनी हाताने चालणारा फवारा-पंप बनवला. नाजूकपणाची इथे गरजच नव्हती. भिंती पांढऱ्या झाल्या की काम झाले.

९/ १८९३ मध्ये त्याच शहरात जागतिक प्रदर्शन भरले. स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले ती सर्वधर्म परिषद या प्रदर्शनाच्याच निमित्ताने भरली होती. प्रदर्शनाच्या ‘श्वेतनगरी’तील अवाढव्य इमारती ठरल्या मुदतीत ब्रशने रंगवणे अशक्य होते. सजावटीचे प्रमुख फ्रान्सिस मिलेट यांच्या देखरेखीखाली तिथे नळी आणि तोटीने रंग फवारला गेला. या तंत्राचे श्रेय बिंक्स आणि मिलेट या दोघांनाही दिले जाते.

१०/ म्हणजे शतक संपता संपता तीन फवारे तयार होते : डॉक्टरचा, चित्रकाराचा आणि चुनेवाल्याचा. लाकडाला हवा होता यांच्यामधला. डेव्हिल्बिस यांचे पुत्र थॉमस यांनी वडिलांच्या उपकरणाला दाबाखालच्या हवेची जोड दिली आणि १९०७ च्या सुमारास रंग-वार्निशासाठी हातात धरायची स्प्रे-गन आणली. घोडा दाबताच झोत सुरू होणारे आजचे रूप त्यातूनच घडत गेले.

११/ मात्र गन एकटी क्रांती करू शकली नाही. तिला योग्य द्रव लागत होता. त्या काळचे तेल-वार्निश सुकायला दिवसच्या दिवस घेई. मोटारींच्या कारखान्यात जुळणी वेगाने होई, पण रंग वाळेपर्यंत गाड्या आठवडेच्या आठवडे छपराखाली अडकून पडत.

१२/ उत्तर मिळाले ते दारूगोळ्याच्या रसायनात. १८४६ मध्ये शोनबाइन यांनी जगापुढे आणलेले नायट्रोसेल्युलोज हे स्फोटक होते. द्रावकात विरघळवले की त्याचा कठीण, पारदर्शक थर बनतो. अडचण एकच : द्रावण फार दाट होई. फवारण्याइतके पातळ केले, तर त्यात घन पदार्थ इतका कमी उरे की थर नावापुरताच बसे.

१३/ पहिल्या महायुद्धानंतर स्फोटकांच्या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. १९२० मध्ये ड्युपाँट कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना नायट्रोसेल्युलोजचे द्रावण कमी दाट, तरीही भरपूर घन पदार्थ असलेले ठेवण्याचा मार्ग सापडला. त्यातून १९२३ मध्ये ‘ड्युको’ आला. जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीचे १९२४ चे निळे मॉडेल त्याने रंगवले गेले. आठवड्यांचे काम तासांवर आले.

१४/ इथे स्प्रे-गन अटळ ठरली. हा रंग ब्रश फिरवेपर्यंत वाळू लागतो, त्यामुळे ब्रशच्या रेषा सपाट व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय नव्या थरातला थिनर खालचा थर पुन्हा विरघळवतो. त्यावर ब्रश ओढला की खालचे काम उखडते. फवाऱ्याचा स्पर्शच नसतो, म्हणून थरावर थर शांतपणे बसतात.

१५/ फर्निचर-कारखान्यांनी मोटारींचा कित्ता गिरवला. तासन् तास बोळा फिरवणाऱ्या पॉलिशवाल्याच्या जागी गन धरणारा कामगार आला. भारतीय लाखेपुढेही कृत्रिम स्पर्धक उभा राहिला. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२५ च्या सुमारास संस्था उभारली गेली, तो हाच काळ. आपल्याकडे पुढे रंगांची रसायने बदलली, पण फवारलेल्या चकचकीत रंगाला ‘ड्युको’ हे नाव चिकटून राहिले.

१६/ या वेगाची किंमत कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली. हवेत तरंगणाऱ्या तुषारात शिसे आणि बेंझॉलसारखी विषे असत. अमेरिकेतील रंगकाम करणाऱ्यांच्या संघटनेने स्प्रेला विरोध केला. त्यात रोजगाराची भीती होती, तशी आरोग्याचीही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पेनसिल्व्हेनिया राज्याने आणि नॅशनल सेफ्टी कौन्सिलने या धोक्यांची पाहणी केली.

१७/ दुसरी किंमत उधळपट्टीची. जास्त दाबाची जुनी गन सर्वसाधारणपणे २५ ते ३५ टक्केच रंग वस्तूवर बसवते. बाकीचा हवेत उडतो किंवा आपटून परततो. वस्तू जितकी लहान, तितके हे नुकसान मोठे, कारण झोताचा बराचसा भाग तिच्या कडेवरून निघून जातो. कारखान्याला वेळ वाचल्याने हे परवडले. घरगुती कारागिराला ते परवडेलच असे नाही.

१८/ सामान्य घरांसाठी मग दोन स्वस्त वाटा निघाल्या. पहिली, व्हॅक्यूम क्लीनरच्या हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला जोडायची छोटी गन. इलेक्ट्रोलक्ससारख्या कंपन्या ती यंत्रासोबत देत. दाब कमी, हवा भरपूर. दुसरी, १९४९ मध्ये इलिनॉयच्या एडवर्ड सेमोर यांनी आणलेला रंगाचा स्प्रे-कॅन. ही कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांनी सुचवली होती.

१९/ व्हॅक्यूम क्लीनरची ती दुर्लक्षित वाट पुढे राजमार्ग झाली, तीही प्रदूषणामुळे. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिस परिसरातील हवा-नियंत्रण यंत्रणेने कारखान्यांवर रंगाची वाफ आणि उधळण कमी करण्याची सक्ती वाढवली. किमान ६५ टक्के रंग वस्तूवर बसावा, असा निकष पुढे आला. त्यातून ‘एचव्हीएलपी’, म्हणजे जास्त हवा पण कमी दाब असलेली गन सर्वत्र पसरली. तिच्या तोंडाशी दाब १० पीएसआयपेक्षा जास्त नसतो.

२०/ साधा हिशेब पाहा. १ लिटर पॉलिशपैकी ३० टक्के बसले, तर लाकडावर ३०० मिलि राहते. ६५ टक्के बसले, तर ६५० मिलि. तेवढेच काम जुन्या गनने करायला २ लिटरांहून अधिक पॉलिश लागेल. स्वस्त गनची खरी किंमत पॉलिशच्या डब्यात दडलेली असते.

२१/ पण ‘जास्त हवा’ या शब्दांत एक मेख आहे. कॉम्प्रेसरवरच्या अनेक एचव्हीएलपी गनना मिनिटाला ८ ते १५ घनफूट हवा लागते. १ अश्वशक्तीचा लहान कॉम्प्रेसर जेमतेम ३ ते ४ देतो. मोठी टाकी घेतली तर हवा थोडा वेळ पुरते, निर्मिती वाढत नाही. म्हणून आधी कॉम्प्रेसरची क्षमता पाहावी, मग गन निवडावी.

२२/ इतिहासाच्या आधारे निवड अशी लावता येते :
• वर्षातून दोन-चार लहान वस्तू : स्प्रे-कॅन. मिलिलिटरमागे महाग, पण यंत्राचा खर्च नाही.
• खेळणी, कोरीवकाम, छटा देणे : एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर. मोठ्या पृष्ठभागावर मात्र त्याचा निभाव लागत नाही.
• लहान कॉम्प्रेसर आधीच आहे : कमी हवा खाणारी ‘एलव्हीएलपी’ गन किंवा लहान कपाची ग्रॅव्हिटी गन.
• कॉम्प्रेसर नाही, पेट्या-स्टुले नियमित होतात : टर्बाइनसह येणारा एचव्हीएलपी संच. व्हॅक्यूम क्लीनरच्या गनचा हाच थेट वारस.

२३/ नोझलही द्रवाप्रमाणे ठरते. सीलर, लॅकर यांसारख्या पातळ पारदर्शक थरांसाठी साधारण १.० ते १.४ मिमी, दाट प्रायमर किंवा रंगासाठी १.८ मिमी वा अधिक. दाट रंग लहान नोझलमधून काढायचा म्हणून दाब वाढवणे म्हणजे १९२० पूर्वीच्या चुकीची पुनरावृत्ती. अडचण द्रवाच्या दाटपणात असते. ती गनकडून सोडवून घेता येत नाही.

२४/ आरोग्याचा धडाही तोच आहे. एनसी लॅकरची वाफ भडका घेते. जवळ ठिणगी किंवा शेगडी नको. दोन घटकांच्या पीयू पॉलिशच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने दम्याचा विकार जडू शकतो. कापडी रुमाल किंवा धुळीचा कागदी मास्क इथे निरुपयोगी. वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि बाहेर जाणारी हवा यांचा खर्च गनच्या किमतीतच धरला पाहिजे. पीयूसारखे काम बंद खोलीत तर करूच नये.

२५/ आणि चपडा पॉलिशचा बोळा? तो हरला कारखान्यात. तिथे प्रश्न होता दिवसाला शेकडो वस्तूंचा. टेबलावर ठेवलेल्या एका पेटीला तो प्रश्नच नाही. लाख स्पिरिटमध्ये लवकर वाळते, बोळ्यातून फारसे काही उडत नाही, आणि खर्च होतो तो मुख्यतः हातांचा. काम इतके थोडे असेल, तर सर्वांत परवडणारा स्प्रे म्हणजे न घेतलेला स्प्रे.