चाकाची घरघर : आवाज ओळखा, खर्च टाळा

जुन्नर-नारायणगाव भागातून वाशीच्या घाऊक बाजारात भाजीपाला आणणारी असो की शहरात घरोघरी सामान पोहोचविणारी असो, पिकअप गाडी एक दिवस बंद राहिली तर मालकाचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. म्हणूनच चाकाकडून घरघर ऐकू येऊ लागली की मालकाची दोन प्रकारे चूक होते. एक तर आवाजाकडे दुर्लक्ष करून गाडी तशीच पळविली जाते, नाही तर घाईने गॅरेज गाठून नको ते भाग बदलले जातात. दोन्हींचा भुर्दंड खिशालाच पडतो. वास्तविक आवाज कोठून येतो, हे ठरविण्याच्या पहिल्या काही चाचण्यांना एक पैसाही लागत नाही.

बेअरिंगचे काम

चाकाचे बेअरिंग गाडीचा व मालाचा भार पेलत चाकाला सहजपणे फिरू देते. मालवाहू गाड्यांत बऱ्याच ठिकाणी निमुळत्या रोलरचे बेअरिंग असते. बग्गी बनविणारे अमेरिकन कारखानदार हेन्री टिमकेन यांना १८९८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. वरून येणारा भार आणि वळणावर बाजूने येणारा रेटा ही दोन्ही ते पेलू शकते. अनेक नव्या गाड्यांत मात्र हब आणि बेअरिंग यांचा एकत्र, सीलबंद संच असतो.

जादा माल हा बेअरिंगचा मोठा शत्रू होय. अभियांत्रिकीच्या हिशेबानुसार रोलर बेअरिंगवरील भार सव्वापट झाला तर त्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते आणि भार दुप्पट झाला तर साधारण एक दशांशच उरते. पाणी हा दुसरा शत्रू. लांबच्या प्रवासात तापलेले हब एकदम पाण्यात गेले की आतील हवा आकुंचन पावते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाण्यामुळे ग्रीस निकामी होते, रोलर गंजतात आणि आवाज सुरू होतो. पावसाळ्यानंतर अशा तक्रारी येतात, त्या यामुळेच.

रस्त्यावरील चाचणी

खराब बेअरिंगचा आवाज एकसारखा, घुमणारा असतो. वेग वाढला की तो वाढतो आणि वेग कमी झाला की उतरतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून पाहावा. इंजिनाचा वेग उतरूनही घरघर तशीच राहिली, तर दोष इंजिनात नाही, हे निश्चित.

त्यानंतर बेताच्या वेगात गाडी सौम्यपणे डावी-उजवीकडे वळवावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला, तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट घडले तर डाव्या. ही खूण बहुतेक वेळा उपयोगी पडते, तथापि केवळ तिच्यावर विसंबून बेअरिंग बदलू नये.

फसवे आवाजही असतात. टायर उंचसखल झिजला असेल तर हुबेहूब तशीच घरघर येते. मात्र डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर जाताच तिचा सूर बदलतो. पुढचे टायर मागे टाकल्यावर आवाजही मागे गेला, तर दोष टायरचाच. अॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना आवाज बदलत असेल, तर डिफरन्शियल तपासावा. गाडी सुटताना 'खट्ट' असा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटकडे पाहावे.

जॅकवरील चाचणी

गाडी सपाट जागी उभी करून इतर चाकांना अडण्या लावाव्यात. चाक उचलल्यावर चासीखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय हात घालू नये. चाक हाताने फिरविताना खरखर जाणवते का, ते पाहावे. मग चाक वर आणि खाली धरून आलटून पालटून ओढावे व ढकलावे. चाक हलले, तर सहकाऱ्याला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच हालचाल थांबली, तर बेअरिंग सैल आहे. तरीही राहिली, तर दोष बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा असू शकतो. फक्त आडव्या दिशेने हालचाल जाणवली, तर स्टिअरिंगचे सांधे तपासावेत.

प्रवासानंतर एकच हब इतरांपेक्षा जास्त तापणे हीही खूण आहे. मात्र चिकटलेल्या ब्रेकमुळेही तसे होते, हे विसरू नये. हबला थेट हात लावल्यास भाजण्याची शक्यता असते.

खर्च कोठे वाचतो?

निमुळत्या रोलरचे बेअरिंग नुसते सैल झाले असेल आणि रोलर गुळगुळीत असतील, तर ते स्वच्छ करून, नवे ग्रीस भरून, नट कंपनीच्या मापानुसार बसविल्यास भागते. ऑइल सील आणि कॉटर पिन मात्र नवीच घालावी. नट अति आवळल्यास बेअरिंग तापून पुन्हा जाते. रोलरवर किंवा रिंगवर खड्डे, निळसर डाग दिसले, तर आतील व बाहेरील दोन्ही भाग जोडीनेच बदलावेत. सीलबंद संचाची दुरुस्ती होत नाही. तो बदलावाच लागतो.

नवे बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू देऊ नये. ठोक्याचा आघात रोलरमधून गेला, तर रिंगवर खळगे पडतात आणि काही दिवसांतच आवाज परत येतो. ते प्रेसवर बसवावे आणि बनावट मालाचा धोका लक्षात घेऊन अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावे.

दुर्लक्ष सर्वांत महाग पडते. सैल बेअरिंगमुळे टायर वेडेवाकडे झिजतात, सील फाटते, मागच्या चाकात डिफरन्शियलचे तेल ब्रेक लायनरवर उतरते. पुढे हब आणि अॅक्सलही खराब होतो. एका बेअरिंगचा खर्च मग चार भागांवर जातो. आवाज खडखडाटात बदलला, चाक डगमगू लागले किंवा जळका वास आला, तर गाडी तेथेच थांबवून टोईंगची मदत घ्यावी. अशा स्थितीत चाक जाम होऊ शकते किंवा निखळूही शकते. भरलेल्या गाडीच्या बाबतीत तेव्हा प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही, तो चालकाच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवाचा होतो.